पदव्युत्तर शिक्षणासाठी इंदूर : निवड, प्रवेश आणि तयारी

पदवीचे अखेरचे वर्ष सुरू झाले की गोव्यातील अनेक घरांत पुढे काय आणि कुठे, हा प्रश्न उभा राहतो. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ हे सर्वांत जवळचे उत्तर असते. त्यानंतर पुणे, मुंबई, बंगळुरू ही परिचित नावे निघतात. मध्य प्रदेशातील इंदूरचे नाव या चर्चेत सहसा उशिरा येते. वास्तविक आयआयटी आणि आयआयएम या दोन्ही संस्था असलेल्या देशातील मोजक्या शहरांत इंदूरचा समावेश होतो. राज्य विद्यापीठ, अणुऊर्जा विभागाचे संशोधन केंद्र, जुने वैद्यकीय महाविद्यालय आणि अभियांत्रिकी संस्थाही त्याच शहरात आहेत. मात्र या प्रत्येक संस्थेचे प्रवेशद्वार वेगळे आहे, परीक्षा वेगळी आहे आणि शुल्काची पातळीही वेगळी आहे. ‘इंदूरला जायचे’ एवढे ठरवून कोणताच निर्णय होत नाही. कोणता विषय, कोणत्या विभागात आणि कोणत्या परीक्षेच्या बळावर, हे ठरले की शहर आपोआप ठरते. हा क्रम उलटा झाला तर एक वर्ष आणि काही लाख रुपये पणाला लागतात.

गोमंतकीयांना हे शहर किती परके?

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर वसलेले इंदूर 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकर संस्थानाची राजधानी झाले. होळकरांसोबत आलेल्या मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या तेथे नांदल्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2001 मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली इंदूर येथेच भरले होते. गोव्याशी या शहराचा आणखी एक धागा जुळतो. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांच्या कन्या लता मंगेशकर यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरला झाला.

असे असले तरी रस्त्यावरची, दुकानातली आणि वसतिगृहातली भाषा हिंदीच आहे. उच्च शिक्षणातील अध्यापन बहुतांशी इंग्रजीत चालते. मराठी कुटुंबांची आणि संस्थांची सोबत मिळू शकते. परंतु तिच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

कोणत्या संस्थेत काय?

भारतीय तंत्रज्ञान संस्था, इंदूर 2009 मध्ये सुरू झाली. तिचा परिसर शहराबाहेर खंडवा मार्गावरील सिमरोल येथे आहे. एम.टेक. आणि पीएच.डी.बरोबरच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जैवतंत्रज्ञान या विषयांत तेथे एम.एस्सी. करता येते. खगोलशास्त्रातील एम.एस्सी. हे तिचे वैशिष्ट्य मानावे लागेल, कारण हा स्वतंत्र अभ्यासक्रम देशात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

भारतीय व्यवस्थापन संस्था, इंदूर 1996 मध्ये स्थापन झाली. राऊ येथील टेकडीवरील तिच्या परिसरात पदवीधरांसाठीचा दोन वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम, मनुष्यबळ व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणि पीएच.डी. समकक्ष संशोधन अभ्यासक्रम चालतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम 2011 मध्ये याच संस्थेने सुरू केला. त्याची परीक्षा वेगळी असते आणि पदवीधरांशी तिचा संबंध नाही. घरातील धाकट्या भावंडासाठी मात्र ही माहिती टिपून ठेवण्यासारखी आहे.

देवी अहिल्या विश्वविद्यालय हे राज्य विद्यापीठ असून त्याची स्थापना 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ या नावाने झाली. आजचे नाव 1988 पासूनचे आहे. खंडवा मार्गावरील तक्षशिला परिसरात त्याचे बहुतेक अध्यापन विभाग आहेत. भौतिकशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, व्यवस्थापन यांसह अनेक विषयांची सोय तेथे आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा : विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आणि विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालय या दोन भिन्न गोष्टी आहेत. पदवीवर विद्यापीठाचे नाव एकच असते. परंतु प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि शुल्क यांत मोठे अंतर असू शकते.

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे अणुऊर्जा विभागाचे केंद्र लेसर आणि कणत्वरक यांवरील कामासाठी ओळखले जाते. इंडस-1 आणि इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन किरण स्रोत तेथेच आहेत. या केंद्रात सर्वसाधारण एम.एस्सी. चालत नाही. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेअंतर्गत पीएच.डी. करता येते. तक्षशिला परिसराला लागूनच विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या वैज्ञानिक संशोधन संघाचे मुख्यालय आहे. पदार्थविज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्यास या सान्निध्याचे मोल मोठे आहे.

याखेरीज 1952 मध्ये स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्था आणि 1948 पासूनचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय या दोन संस्था अनुक्रमे अभियांत्रिकी व वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणासाठी परिचित आहेत.

आधी विषय, मग प्रवासाचे तिकीट

बाहेर जाणे हे स्वतःच यश आहे, असा एक समज पालकांत आढळतो. तो पारखून घ्यावा. सागरी विज्ञानाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठाचा विभाग सोडून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात जाण्याचे काहीच कारण नाही. मराठी, कोकणी वा पोर्तुगीज भाषासाहित्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यासही गोव्यातील ग्रंथसंग्रह आणि अभिलेख यांची जोड इतरत्र मिळणे कठीण आहे. उलट खगोलशास्त्र, लेसर वा कणत्वरकांशी निगडित भौतिकशास्त्र यांत रस असेल, तर इंदूरचा विचार गांभीर्याने करावा.

विभागाची पारख करण्यासाठी संस्थेच्या नावापलीकडे जावे लागते. विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची यादी असते. त्यांच्यापैकी किती जण आपल्या आवडीच्या उपविषयात काम करतात, गेल्या तीन-चार वर्षांत त्यांचे काय प्रकाशित झाले, अखेरच्या सत्रात प्रकल्प करावा लागतो काय, उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पुढे कुठे गेले, या चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ती संकेतस्थळावर न मिळाल्यास विभागप्रमुखांना थोडक्यात ई-पत्र लिहावे. सध्या तेथे शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलणे हे जाहिरातीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

नोकरीसंबंधीच्या आकड्यांकडेही सावधपणे पाहावे. सर्वोच्च वेतनाचा आकडा एखाद्या विद्यार्थ्याचा असतो. निर्णयासाठी मध्यक वेतन किती, किती विद्यार्थ्यांनी मुलाखती दिल्या आणि किती जणांना नोकरी मिळाली, हे विचारावे.

तीन वर्षांनंतर की चार वर्षांनंतर?

गोव्यातील महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची पदवी 2023-24 पासून लागू झाली. त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे एक नवा पेच आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, की चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी मिळवावी? चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळण्याची तरतूद धोरणात आहे. मात्र प्रत्येक संस्थेने तसा अभ्यासक्रम सुरू केला आहे असे गृहीत धरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान 75 टक्के गुण असलेल्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

संशोधनाकडे कल निश्चित असेल आणि महाविद्यालयात प्रकल्पासाठी योग्य मार्गदर्शक असेल, तर चौथे वर्ष लाभाचे आहे. विषय वा संस्था बदलायची असेल, तर तीन वर्षांनंतर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास जाणे श्रेयस्कर. केवळ निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी चौथे वर्ष घेऊ नये.

परीक्षांचे वेळापत्रक

पदव्युत्तर प्रवेशाची तयारी निकालानंतर सुरू होते, हा गैरसमज सर्वाधिक नुकसान करतो. बहुतेक अर्ज अखेरच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच भरावे लागतात. तारखा दरवर्षी बदलतात. साधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

- कॅट (आयआयएम) : अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस. त्यानंतर निवडक उमेदवारांच्या मुलाखती. दहावी-बारावीचे गुणही निवडीत जमेस धरले जातात.
- गेट (एम.टेक.) : अर्ज साधारणतः ऑगस्टअखेरपासून, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. गुण तीन वर्षे ग्राह्य.
- जॅम (आयआयटीतील एम.एस्सी.) : अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते ग्राह्य.
- सीयूईटी-पीजी (देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे अनेक अभ्यासक्रम) : परीक्षा साधारणतः मार्चमध्ये. त्यानंतर विद्यापीठाच्या समुपदेशनासाठी स्वतंत्र नोंदणी.
- नीट-पीजी : एम.डी. आणि एम.एस. प्रवेशासाठी.
- नेट : पीएच.डी. प्रवेश आणि संशोधन शिष्यवृत्तीसाठी, वर्षातून दोनदा.

या यादीत जॅमकडे विशेष लक्ष द्यावे. गेटचा गुणांक हाती असलेला विद्यार्थी पुढील वर्षी पुन्हा अर्ज करू शकतो. जॅमची अर्जाची मुदत हुकली तर आयआयटीतील एम.एस्सी.साठी पूर्ण वर्ष थांबावे लागते. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षेच्या धांदलीत राहून गेलेला अर्ज फेब्रुवारीत कोणत्याही गुणवत्तेने भरून काढता येत नाही. सीयूईटीच्या बाबतीत परीक्षा देऊन स्वस्थ बसणे ही नेहमीची चूक ठरते. परीक्षा घेणारी यंत्रणा प्रवेश देत नाही; विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.

केंद्रीय आणि राज्य संस्था : आरक्षणातील फरक

आयआयटी आणि आयआयएम या केंद्रीय संस्था आहेत. तेथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना केंद्राच्या नियमांनुसार आरक्षण मिळते. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. या समाजांतील विद्यार्थ्यांना त्याचा लाभ केंद्रीय संस्थांत घेता येतो. इतर मागासवर्गीयांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे याची खात्री करून केंद्रीय नमुन्यातील उन्नत स्तरात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र नाकारले जाऊ शकते. शिवाय हे प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बलतेचे प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे 1 एप्रिलनंतरचे मागितले जाते. अर्ज भरताना जुने चालले तरी प्रवेशाच्या वेळी नवे लागते.

राज्य विद्यापीठांची स्थिती निराळी असते. तेथील राखीव जागा सर्वसाधारणपणे त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. त्यामुळे गोव्यातील राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्याने मध्य प्रदेशातील राज्य विद्यापीठात आपला अर्ज खुल्या प्रवर्गात गणला जाईल, असे धरून चालावे आणि त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचून खात्री करून घ्यावी.

खर्च, कर्ज आणि शिष्यवृत्ती

खर्चाचा हिशेब केवळ शिक्षणशुल्कावर करू नये. वसतिगृह, खाणावळ, अनामत रक्कम, संगणक, वर्षातून किमान दोन वेळचा प्रवास आणि पहिल्या महिन्याची मांडामांड हे सारे कागदावर मांडावे. राज्य विद्यापीठातही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचे शुल्क नियमित अभ्यासक्रमांहून अधिक असते. अभ्यासक्रम कोणत्या गटातील आहे हे आधी विचारावे.

मदतीचे मार्गही अनेक आहेत. गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास केंद्राकडून दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. नेटद्वारे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा 37,000 रुपये मिळतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आणि मनोहर पर्रीकर यांच्या नावाने चालणारी गोवा स्कॉलर्स योजना यांच्या अटी अर्ज करण्यापूर्वीच वाचाव्यात, कारण गोव्यातील वास्तव्याचा दाखला मिळवण्यास वेळ लागतो.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेस नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना या योजनेत तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजात 3 टक्के सवलत आहे. आपली संस्था यादीत आहे काय, हे पाहिल्याशिवाय घर किंवा भाट तारण ठेवण्याचा विचारही करू नये. कर्जाचा मासिक हप्ता किती येईल आणि अभ्यासक्रमानंतरच्या मध्यक वेतनातून तो झेपेल काय, हा हिशेब विद्यार्थ्याने पालकांसमवेत बसून करावा. तो न झेपणारा असेल, तर संस्थेचे नाव कितीही मोठे असो, दुसरा पर्याय शोधावा.

एकाहून अधिक ठिकाणी जागा मिळाल्यास

आयआयटीतील एम.टेक.च्या जागांचे वाटप एका सामाईक संकेतस्थळावरून फेऱ्यांमध्ये होते. हाती आलेली जागा कायम करणे, ती राखून पुढील फेरीची वाट पाहणे, किंवा ती नाकारून वाट पाहणे असे तीन पर्याय असतात. जागा कायम केल्यावर पुढील फेऱ्या बंद होतात, आणि नाकारलेली जागा परत मिळेलच असे नाही. पसंतीक्रम आधीच लिहून ठेवलेला असेल तर मुदतीच्या रात्री घाई होत नाही.

विद्यापीठांत प्रवेश घेऊन तो रद्द करावा लागल्यास शुल्क परताव्याच्या मुदती अनुदान आयोग जाहीर करतो. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असाही आयोगाचा निर्देश आहे. शुल्काच्या पावत्या आणि पत्रव्यवहार मात्र जपून ठेवावा.

कागदपत्रे

गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, प्रवर्गाची प्रमाणपत्रे आणि गोवा विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. निकाल लांबल्यास प्राचार्यांकडून अखेरच्या परीक्षेस बसल्याचे पत्र घ्यावे. प्रलंबित कागद सादर करण्याची अंतिम तारीखही लेखी विचारून घ्यावी, कारण ती ओलांडल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो.

गोव्यात एक अडचण वारंवार उद्भवते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरे असते. ही तफावत परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करावी. प्रवेशाच्या रांगेत उभे राहून ती सुटत नाही.

प्रवास, निवास आणि पहिले सत्र

मडगावमार्गे इंदूरला जाणारी साप्ताहिक रेल्वेगाडी आहे. अन्यथा कोकण रेल्वेने मुंबई गाठून मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात इंदूरला पोहोचता येते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते. चवथ सत्राच्या मध्यावर येते. त्या दिवसांत रजा मिळेल काय, हे शैक्षणिक वेळापत्रकात पाहून आरक्षण करावे. उपस्थितीचा नियम कडक असेल, तर पहिल्या वर्षाची चवथ इंदुरातच साजरी करण्याची मनाची तयारी असावी.

आयआयटी आणि आयआयएमचे परिसर निवासी आहेत आणि शहराच्या मध्यापासून दूर आहेत. देवी अहिल्या विश्वविद्यालयात वसतिगृहाच्या जागा मर्यादित असल्याने अनेक विद्यार्थी भंवरकुआँ भागात भाड्याने राहतात. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नये, भाडेकरार लेखी करावा आणि पोलिसांकडील भाडेकरू नोंदणी पूर्ण करावी. उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो, तर हिवाळ्यातील रात्री 10 अंशांखाली उतरतात. गोव्यात कधी न लागलेले उबदार कपडे आणि जाड पांघरूण तेथे लागतेच. पोहे-जिलेबीचा नाश्ता लवकर अंगवळणी पडतो. रोजच्या नुस्त्याची उणीव मात्र भासणारच.

पहिल्या सत्रात एकटेपणा, भाषेचा संकोच आणि गुणांतील घसरण यांचा अनुभव हुशार विद्यार्थ्यांनाही येतो. तो अपयशाचा पुरावा नव्हे. संस्थेच्या समुपदेशकांकडे जाण्यास संकोच करू नये. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आणि रॅगिंगविरोधी मदतीसाठी 1800-180-5522 हा क्रमांक देशभर चालतो. हे दोन्ही क्रमांक पालकांजवळही असावेत.

अखेरचा निर्णय

सर्व पर्याय हाती आल्यावर एका कागदावर प्रत्येक संस्थेपुढे चार गोष्टी लिहाव्यात : शिकायचा नेमका विषय, मार्गदर्शन करू शकणारे प्राध्यापक, एकूण खर्च आणि अभ्यासक्रमानंतरचे पहिले पाऊल. ज्या नावापुढे या चारपैकी दोन रकाने कोरे राहतात, ते नाव तूर्त बाजूला ठेवावे. उरलेल्यांत इंदूर असेल तर निःशंक मनाने निघावे. ताळगाव उरले असेल तर तेही तितक्याच समाधानाने स्वीकारावे. दोन वर्षांनी मुलाखतीच्या खोलीत कोणत्या शहरात शिकलात याहून काय शिकलात हेच अधिक बारकाईने विचारले जाते, आणि त्या उत्तराची तयारी आजच्या निवडीपासून सुरू होते.